दुपारी प्रेशर का पडतंय? सेल्फ सर्व्हिस वॉशिंग सेंटरवाल्यांनी जरा इकडं या

धुलाईवाला_बार्शी
नमस्कार मंडळी. बार्शीजवळ रोडटच जागा आहे आपली, तिथं दोन बे (गाडी लावून धुवायचे कप्पे) सेल्फ सर्व्हिसचे टाकलेत. म्हणजे गिऱ्हाईकानं गाडी लावायची, क्यूआर स्कॅन करून पैसे टाकायचे, बॉक्समधला रिले (आपोआप लागणारा छोटा स्विच) लागतो, पंप चालू, गन हातात घ्यायची आणि आपली गाडी आपण धुवायची, टाइम संपला की बंद. शेजारी एक रॅम्प आहे, तिथं पोरगं धुवून देतं, तो विषय वेगळा.

प्रॉब्लेम असा की सकाळी प्रेशर झकास असतं, गेजला १०० बार दिसतंय. दुपारी बारा-एक वाजले की काटा थरथरायला लागतो, ६०-६५ वर येतो, पाइपला झटके बसतात आणि पंपातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. दोन बेला दोन वेगळे पंप आहेत, तीन प्लंजरवाले (मागं-पुढं होणारे दट्टे), पितळी हेड, मिनिटाला १५ लिटर, ५ एचपीच्या मोटरी. मजा म्हणजे दोन्ही पंप एकाच वेळी नाटक करतात. मेकॅनिकनं सील किट बदललं, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. आता तो म्हणतोय की हेड गेलंय, दोन्ही नवीन घ्या. आकडा ऐकून घरात सांगायची सोय नाही.

शिवाय रोजच्या कटकटी आहेतच, गाडी वाळली की पांढरे डाग, क्यूआरला पैसे कटले पण पंप लागला नाही म्हणून भांडणं, आणि आता नवरात्र जवळ आलं म्हणून बाया रिक्षातून गोधड्या घेऊन यायला लागल्यात. कुणी मार्ग सांगेल का?

उगाच_एक
गोधड्यांना फोम वॉश देता का साधा?

पानापक्कड
हेड घेऊ नका. आधी पैसं खिशात ठेवा आन मला चार गोष्टी सांगा. टाकीपासनं पंपापर्यंत लाइन किती इंची हाय, लांबी किती, दोन्ही पंपाला एकच लाइन हाय का येगयेगळी, आन सक्शनचा फिल्टर शेवटचा कधी उघडला व्हता. दोन पंप एका दिवशी बिघडत न्हाईत ओ. दोघांचं दुखणं एकच आसलं तर ते दोघांच्या मागं कुठंतरी आसतंय. आजार रेड्याला आन डाग पखालीला असा कारभार चाललाय तुमच्या मेकॅनिकचा.

तो खडखड आवाज सीलचा न्हवं. प्लंजर मागं गेला की हेडमधी जागा व्हती, ती भरायला पाणी वेळेत आलं न्हाई की पोकळी पडती, वाफेचं बुडबुडं व्हत्यात आन प्लंजर पुढं आला की ती फुटत्यात. त्याचाच आवाज. दिसायला बारीक पर पितळ खात्यात ती. व्हॉल्व्हच्या सीटवर मुंग्यांनी कुरतडल्यागत भोकं पडत्यात.

धुलाईवाला_बार्शी
काका, लाइन पाऊण इंची, साधारण ६० फूट. टाकी पत्र्याच्या शेडवर, काळी प्लास्टिकची. खाली येऊन टी मारलाय आणि दोन्ही पंपांना फाटे दिलेत. फिल्टर वाय टाइपचा आहे टीच्या आधी, प्लंबरनं बसवला तेव्हापासून तसाच आहे वाटतं, कुणी उघडल्याचं आठवत नाही.

सोलापुरी_चादर
काळी टाकी पत्र्यावर म्हणजे मे महिन्यात आंघोळीचं पाणी आयतं तयार!! मला वाटतं पाणी तापतंय म्हणून होत असणार. गरम पाण्याची वाफ लवकर होते, म्हणून दुपारीच त्रास. टाकीला पांढरा रंग द्या किंवा वर शेड नेट टाका.

पानापक्कड
तापल्यालं पाणी त्यात भर घालतंय, न्हाई म्हणत न्हाई. पर ४०-४५ डिग्रीला हा पंप एवढा रडत न्हाई. ह्या पंपाला ६० डिग्रीपतूर चालतंय सहसा. अंदाजपंचे बोलण्यापेक्षा बादली लावा ना राव. २० लिटरची बादली घ्या, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, नोझल हाय तसंच ठेवून बादली भरायला किती सेकंद लागत्यात ते बघा. १५ लिटरचा पंप हाय म्हंजी ८० सेकंद लागाय पायजेत. सकाळी एकदा बघा, दुपारी एकदा. आन दुपारी दोनदा बघा, एकदा दोन्ही बे चालू ठेवून, एकदा दुसरा बंद करून. पाणी तापलंय म्हणून व्हत आसंल तर एकटा पंप पण रडाय पायजे. एकटा नीट चालला तर उन्हाचा काय संबंध न्हाई, लाइन अपुरी हाय.

बादली ८० सेकंदातच भरली पर गेजला प्रेशर कमी, तर नोझल झिजलंय न्हाईतर गेज बिघडलाय. बादलीलाच टाइम जास्त लागला तर मागनं पाणी येत न्हाई, न्हाईतर व्हॉल्व्ह, सील, न्हाईतर अनलोडर (गन सोडली की पाणी माघारी वळवणारा व्हॉल्व्ह) आतल्या आत पाणी माघारी सोडतोय. एवढं कळलं की निम्मा मेकॅनिक तुमीच.

मिशिगनचा_मामा
धागा वाचून हसू येतंय, जगात सगळीकडे रडगाणं एकच. आमचे इथे चार सेल्फ सर्व्हिस बे आहेत, एका म्हाताऱ्याकडून चालू धंदा घेतला. इथे पंपांची वेगळी खोली असते आणि प्रत्येक पंपाच्या जवळ, पंपापेक्षा थोड्या उंचीवर छोटी फ्लोट टँक असते. मेन लाइनचं पाणी त्या टाकीत पडतं आणि टाकीतून मोठ्या तोंडाच्या आखूड पाइपनं पंपात. म्हणजे पंपाला कधी पाणी ओढावंच लागत नाही. तुमच्याकडे ६० फूट पाऊण इंचीतून दोन पंप ओढतायत म्हणजे कमालच आहे.

इथलं खरं दुखणं थंडी. शून्याखाली तापमान गेलं की गनमधलं पाणी गोठून गन फुटते, म्हणून इथे ‘वीप’ नावाची व्यवस्था असते, कमी प्रेशरचं पाणी सतत गनमधून थेंब थेंब चालूच ठेवायचं, वाहतं पाणी सहज गोठत नाही. फरशीखालून गरम ग्लायकॉलचे (सहज न गोठणारं द्रव) पाइप. आणि तरी धंदा खरा थंडीतच, कारण रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ पडून गेल्यावर पहिलं ऊन पडलं की मीठ धुवायला ही रांग. काॅइन बॉक्समध्ये २५ सेंटच्या नाण्यांऐवजी लोक काय काय कोंबतात ते विचारू नका, वॉशरपासून मेक्सिकोच्या पेसोपर्यंत सगळं निघालंय.

स्नेहल_चाकण
गोधडीवर आधी बोलते कारण ते मी भोगलंय. मनाई केलीत तर रात्री येऊन धुतात आणि सोडून दिलंत तर तुमची चेंबरची जाळी धाग्यांनी आणि कापसानं गच्च. आमच्याकडे गाळाची टाकी तुंबून काळं पाणी बेमध्ये उलटं आलं होतं, त्यात एकाची पांढरी गाडी उभी. आता मागच्या बाजूला एक दगडी ओटा बांधलाय, साधा नळ, वेगळी जाळी, गोधडीचा वेगळा रेट. घट बसायच्या आधीचे आठ-दहा दिवस ओट्याला सुट्टी नसते. बायका खूश, आणि त्यांचे नवरे तोवर गाडी धुतात. बंद करण्यापेक्षा जागा करून द्या.

क्यूआरचं म्हणाल तर नेट गेलं की तो बॉक्स आंधळा. पैसे बँकेत येतात, रिलेला निरोप पोचत नाही. माणूस असेल तर त्याच्याकडे किल्लीचा मॅन्युअल स्विच ठेवा, ज्याला साउंडबॉक्सवर पैसे आल्याचं ऐकू आलं त्याला किल्लीनं चालू करून द्यायचं, वाद मिटला. आणि दुसरं, टाइम संपायच्या आधी ३० सेकंद हूटर वाजू दे. गाडीला फोम लावून माणूस निवांत फोनवर बोलत बसतो, पंप बंद पडतो, मग म्हणतो लुबाडलं. आमच्याकडची निम्मी भांडणं त्या हूटरनं गेली.

उगाच_एक
ताई, नवरे तोवर गाडी धुतात हे वाक्य फ्रेम करून लावा.

वायरमन_परभणी
पाण्याचं काका बघतेत, मी लाइटीचं बोलतो. भाऊ, तो क्यूआरचा रिले डायरेक्ट मोटरीला जोडलेला नाही ना? तो चिमुकला रिले ५ एचपीचा स्टार्टिंग करंट झेलत नाही, चिकटून बसतो, मग टाइम संपला तरी पंप चालूच. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा करंट झेलणारा स्विच) कॉइल उचलायची, मोटर कॉन्टॅक्टरवर. बेमध्ये जी बटणं लोक ओल्या हातानं दाबतेत ती २४ व्होल्टवर घ्या, २३० तिथं न्यायचंच नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पाहिजेच आणि अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो मग अर्थिंग नावालाच.

आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) आहे का? खेड्यात एक फेज उडतोच उडतो, मोटर नुसती घूं घूं करते आणि पाच मिनिटात वास येतो. रिवाइंडिंगच्या एका बिलात प्रिव्हेंटर बसून वर पैसे उरतेत. आमच्याकडं पोळ्याला एकजण बैलजोडी घेऊन आला वॉशिंगला, मालकानं हातापाया पडून परत पाठवला. १०० बारचं पाणी जनावराच्या अंगावर मारायचं नसतं, कातडी सोलून निघती.

स्नेहल_चाकण
कातडीचं निघालंय म्हणून सांगते, लोक गनने स्वतःच्या पायावरचा चिखल काढतात!! चप्पल घातलेला पाय पुढे करतात आणि ट्रिगर दाबतात. जवळून मारलं तर पाणी कातडीच्या आत घुसतं, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत सगळं फाटलेलं असतं. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी पाठवू नका, तडक सर्जन असलेल्या दवाखान्यात न्या, भले दुखत नसेल तरी. आम्ही प्रत्येक बेमध्ये पाय धुवायला साधा नळ दिलाय. आणि ट्रकवाले ॲल्युमिनियम चमकवायचं ॲसिड बाटलीतून आणतात, त्यात बऱ्याचदा हायड्रोफ्लोरिक असतं, ते थेंबभर अंगावर पडलं तरी हाडापर्यंत जातं. आमच्याकडे बाहेरचं केमिकल बंद म्हणजे बंद.

रेझिनराव
पांढऱ्या डागांबद्दल. बोअरचं पाणी असणार. पाणी वाळतं, क्षार काचेवर आणि पेंटवर राहतात, उन्हात भाजून घट्ट बसतात. तुमच्याकडे कुणीतरी टीडीएस मीटर घेऊन येईल, आकडा दाखवेल आणि सॉफ्टनर विकेल. त्या मीटरला जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) कळत नाही, तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. जडपणा बघायला थेंब टाकून रंग बदलणारं ईडीटीए किट मिळतं, ते घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये जडपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे ६०० च्या वरचं पाणी पंपाला काय करत असेल बघा.

सॉफ्टनर काय करतो तर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. त्यानं पंपात, पाइपात, फोम गनच्या जाळीत क्षार बसायचे थांबतात, शाम्पूला फेस चांगला येतो म्हणून शाम्पू कमी लागतो. पण टीडीएस आहे तेवढाच राहतो! म्हणजे डाग पडणारच, फक्त ते सोडियमचे असल्यामुळे ओल्या फडक्यानं सहज निघतात. बिनडागाचं पाणी पाहिजे तर शेवटच्या धुण्यापुरतं आरओचं वेगळं कनेक्शन द्या. सगळी गाडी आरओच्या पाण्यानं धुवायची गरज नाही, परवडणारही नाही. तोपर्यंत फुकटचा उपाय, बेवर सावली करा आणि मायक्रोफायबरचं फडकं विकायला ठेवा.

सोलापुरी_चादर
पंपात बसलेला क्षार काढायला टॉयलेट क्लीनरवालं ॲसिड फिरवतात आमच्याइथे, चकाचक होतो.

रेझिनराव
चकाचक होतो कारण पितळाचं वरचं कातडं निघतं. ते हायड्रोक्लोरिक असतं, पितळातलं जस्त खातं आणि सीलही कडक करतं. सायट्रिक ॲसिड, ज्याला बाजारात लिंबूसत्व म्हणतात, कोमट पाण्यात घालून अर्धा तास भिजवा आणि स्वच्छ पाण्यानं काढा. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

धुलाईवाला_बार्शी
काका बादली लावली. सकाळी ८० सेकंद. दुपारी एक बे बंद ठेवून दुसरा चालवला, ८२. दोन्ही चालू केले, दोन्हीकडं १०० च्या आसपास आणि तोच खडखडाट. म्हणजे ऊन नव्हे. सकाळी आमच्याकडं एका वेळी एकच गाडी असते, दुपारी ट्रॅक्टर आणि जेवायला थांबलेले टेम्पो, दोन्ही बे भरलेले. फिल्टर उघडला तर आत पांढरे पापुद्रे, शेवाळ आणि एक अख्खा पालीचा सांगाडा.

पानापक्कड
झालं की मग. १०० सेकंदात २० लिटर म्हंजी मिनिटाला १२. पाणी १५ चं १२ झालं म्हंजी ८० टक्के, आन प्रेशर वर्गाच्या हिशोबानं पडतंय, पॉइंट आठ गुणिलं पॉइंट आठ, पॉइंट चौसष्ट. १०० चं ६४. तुमचा गेज खरं बोलत व्हता, मेकॅनिकच ऐकत न्हवता. लाइनीतनं दोघांना मिळून २४ लिटर येतंय आन दोघं मागत्यात ३०. नव्या हेडला पण तेवढंच आलं आसतं.

आता लई खर्च करू नका. मामांनी सांगितलं तसं २०० लिटरचा ड्रम घ्या, पंपाच्या शेजारी पंपापेक्षा वर स्टँडवर ठेवा, झाकण घट्ट (पाल!). जुनी लाइन ड्रमात सोडा फ्लोट व्हॉल्व्ह (ड्रम भरला की आपोआप बंद व्हतो तो) लावून. ड्रमाच्या बुडाकडनं दीड इंची लाइन काढा आन पंपाजवळच फाटं द्या, प्रत्येक फाट्यावर बॉल व्हॉल्व्ह आन उघडाय सोपा फिल्टर, काचेच्या वाटीचा आसला तर घाण भायेरनंच दिसती. अनलोडरचं माघारी जाणारं पाणी (बायपास) परत पंपाच्या तोंडाला जोडलंय का बघा, तसं आसंल तर ते काढून ड्रमात सोडा. गिऱ्हाईक गन सोडून फोटो काढत बसलं की तेच तेच पाणी फिरून तापतंय आन सील शिजत्यात. तुमची सील किट तीच खात आसंल.

मिशिगनचा_मामा
+१ बायपासला. आणि पंपाचं तेल बघताय का? काचेतून दुधाळ दिसलं तर तेलात पाणी गेलंय. नवीन पंपाला पहिलं तेल ५० तासांनी, मग ५०० तासांनी किंवा तीन महिन्यांनी, जे आधी येईल ते. पंपाच्या पॅनेलला तासांचं मीटर लावा, स्वस्त असतं, नाहीतर तास कोण मोजणार.

नोझलपण बदला. त्याच्यावर १५०४ असं काहीतरी कोरलेलं असतं, पहिले दोन आकडे कोन, पुढचे दोन साइज. भोक झिजून १० टक्के पाणी जास्त जायला लागलं की प्रेशर जवळजवळ २० टक्के पडतं. लोक पंप बदलतात आणि नोझल तेच ठेवतात.

धुलाईवाला_बार्शी
अपडेट देतो. ड्रम बसवला, दीड इंची लाइन टाकली, बायपास ड्रमात सोडला. मेकॅनिक ‘असं कुठं असतंय का’ म्हणत होता, तरी बसवून दिलं त्यानं. आता दुपारी दोन्ही बे चालू ठेवून ८१ सेकंद. खडखड गेली. एका पंपाचं हेड उघडलं, काकांनी सांगितलं तसंच, इनलेटच्या व्हॉल्व्ह सीटवर भोकं, तेवढे व्हॉल्व्ह बदलले, हेड तेच. नोझलही नवीन घातलं. हूटर लावला आणि गोधडीचा ओटापण बांधायला घेतलाय, पहिल्याच दिवशी सिमेंट ओलं असताना एक मावशी चौकशीला येऊन गेल्या.

एकच शंका. परवा सलग गाड्या होत्या तेव्हा संध्याकाळकडं परत जरा खडखड केल्यासारखं वाटलं. ड्रममध्ये डोकावलं तर तळाला पाणी.

पानापक्कड
व्हणारच. जुनी लाइन २४ देती, तुमी ३० उपसता, मिनिटाला ६ लिटरची तूट. २०० लिटरचा ड्रम अर्ध्या तासात रिकामा. मधी गाडी काढा-घाला करंपतूर भरतोय म्हणून रोज कळत न्हाई. पर खंडेनवमीला काय करणार? दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावातलं यकूणएक वाहन दारात आसतंय, त्या दिवशी बे मोकळा ऱ्हात न्हाई. टाकीपासनं ड्रमापतूर दीड इंची टाकून घ्या त्याच्या आधी.

स्नेहल_चाकण
आणि फ्लोट व्हॉल्व्ह कितीचा टाकलाय ते बघा. लाइन दीड इंची करून तोंडाला अर्धा इंची प्लास्टिकचा फ्लोट लावतात प्लंबर लोक.

धुलाईवाला_बार्शी
ताई आत्ता जाऊन बघितलं. अर्धा इंचीच आहे.